पॉइंट किती झाले, भो?

महामार्गावरच्या ढाब्यावर दहा जण शेवभाजी ओरपून उठले, बिल आलं आणि त्यातल्या एकाने झडप घालून ते ओढून घेतलं, तर तो दानशूर आहे अशा भ्रमात राहू नका. त्याच्याकडे नवं कार्ड आलेलं आहे. पुढच्याच मिनिटाला तो म्हणणार, "तुम्ही सगळे मला यूपीआय करून टाका रे, बिलाचं मी बघतो." म्हणजे जेवले दहा, पैसे दिले दहांनी आणि पॉइंट जमा एकट्याच्या खात्यात. वर "भाऊ मनाचा लई मोठा" ही कीर्ती फुकट. जळगावजवळच्या आमच्या नशिराबादेत आजवर बिल यायच्या वेळेलाच माणसाला नेमका फोन यायचा, हात धुवायचे राहिलेले असायचे, चपलेचा अंगठा तुटायचा. आता बिलासाठी दोन धडधाकट माणसांत ओढाताण होते. बघवत नाही हो!

बरं, हे सगळं कशासाठी? जरा जवळ या, मोठ्याने सांगण्यासारखं नाही. विमानात पुढच्या बाजूला एक पडदा असतो. त्या पडद्यापलीकडे खुर्चीचा पलंग होतो, जेवण काचेच्या ताटात येतं आणि हवाईसुंदरी तुम्हाला आडनावाने हाक मारते. तिथे बसून परदेशी जायचं आणि भाडं द्यायचं नाही, असा हा डाव. खरेदीवर कार्डाचे पॉइंट मिळवायचे, पॉइंटचे विमान कंपनीचे मैल करायचे, मैलांवर तिकीट काढायचं. कर आणि अधिभार मात्र रोख भरावा लागतो, आणि तो आकडा सांगताना मंडळींचा आवाज एकदम बारीक होतो.

शोध अर्थातच अमेरिकेचा. १९७८ साली तिथल्या सरकारने विमानभाड्यावरची बंधनं काढली, कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती शोधू लागल्या. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अॅडव्हान्टेज' ही योजना काढली. आठवडा उलटायच्या आत युनायटेडचीही आली. जितकं उडाल तितके मैल, मैल साठले की एक फेरी फुकट. केवढं कौतुक झालं त्याचं! आमच्या जळगावच्या सराफ बाजाराला विचारलं असतं तर त्यांनी चहा पाजून समजावलं असतं. अकरा हप्ते गिऱ्हाइकाने भरायचे, बारावा दुकानाचा, पण सोनं आमच्याकडूनच घ्यायचं, ही सोन्याची भिशी म्हणजे दुसरं काय असतं?

आपल्याकडे ही लागण पसरवली ती जेट एअरवेजच्या जेट प्रिव्हिलेजने. तिची कथा ऐका, मग सांगा मी उगाच आरडाओरडा करतो का. २०१४ साली अबूधाबीच्या एतिहादने या पॉइंटच्या योजनेत ५०.१ टक्के हिस्सा घेतला, १५ कोटी डॉलर मोजून. विमानं बाजूला, नुसत्या पॉइंटच्या वहीचा हा भाव! १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उडालं. वैमानिक, हवाईसुंदऱ्या, सामान चढवणारी पोरं सगळी रस्त्यावर आली. आणि पॉइंटची योजना? ती मजेत जिवंत. त्याच वर्षी तिचं नाव बदलून इंटरमाइल्स केलं. विमान एकही उरलं नव्हतं, पण मैल होते. अशी कंपनी आमच्या गावात कोणी काढली असती तर लोकांनी रात्रीतून त्याच्या दाराशी गर्दी केली असती.

पण खरा धुमाकूळ घातला तो कार्डांनी. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला. त्याआधी, २०२२ साली, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची मुभा मिळाली आणि टपरीवरचा कटिंग चहासुद्धा कार्डावर आला. तंबाखूची पुडी घेणारा माणूस मोबाइल रोखून उभा असतो आणि टपरीवाला विचारतो, "दहा रुपयालाही?" याला लाज नाही. याच्या डोळ्यांपुढे सिंगापूर आहे.

अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं नाव काढलं तर अजूनही काही जणांचे डोळे पाणावतात. महिन्याला एक लाखाचा खर्च दाखवा, पंचवीस हजार पॉइंट जादा घ्या. आणि पाच पॉइंटचे चार मैल. म्हणजे एका कलमातून वीस हजार मैल, दर महिन्याला! ज्याचा महिन्याचा खर्च तीस हजार, तो लाख कुठून आणणार? नातेवाइकांतून. भाच्याच्या इंजिनिअरिंगची फी, मेहुण्याचा फ्रिज, शेजारच्या काकांचे टायर, आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. कोणी आजारी पडल्याचं कळलं की हे गृहस्थ फळं घेऊन दवाखान्यात हजर, आणि पहिला प्रश्न, "इथे कार्ड चालतं ना?" आमच्या गल्लीतल्या एका आप्पांना शेवटपर्यंत वाटत होतं की पुतण्याला आपला फार लळा आहे.

आणि लग्नं! जळगावला सोनं घ्यायला अख्खा कुटुंबकबिला निघतो, हे काही नवीन नाही. नवीन हे की पुण्याहून हिंजवडीतला एक चुलतभाऊ रजा टाकून येतो, हार कोणता घ्यायचा यात त्याला काडीचा रस नसतो, पण मशीन काउंटरवर आलं की तो नवरीच्या बापाला खांद्याने बाजूला सारून पुढे होतो. सराफ सांगतो, कार्डाला दोन टक्के जादा पडतील. मग दुकानात कुजबुज, मोबाइलवर भागाकार, मैलाचा भाव पैशांत, आणि नवरी बिचारी पाटल्या हातात घेऊन ताटकळत उभी. शेवटी कार्ड घासलं जातं आणि महिन्याने कळतं की या बँकेने सोन्यावर पॉइंट देणं बंद केलंय. बँकांच्या त्या वगळलेल्या खर्चांच्या याद्या वाचायच्या तर चष्मा लागतो: पेट्रोल नाही, घरभाडं नाही, वॉलेट नाही, हप्त्यावरची खरेदी नाही. पण वाचतात. ज्यांनी शाळेत धडा कधी पूर्ण वाचला नाही, ते बँकेच्या अटी-शर्ती रात्री दोनपर्यंत वाचतात.

थंडीत शेतात भरीत पार्टी असते. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जाताहेत, मिरच्या-लसूण बडगीत कुटला जातोय, कळण्याच्या भाकरीचा वास सुटलाय. अशा वेळी माणसाने काय बोलावं? आमच्यातले दोघे बांधावर बसून बोलत होते ते असं: "तुझं एलटीएफ आहे का?" "ट्रान्सफर पार्टनर कोण?" "डिव्हॅल्युएशनच्या आधी उडवले का नाही?" एका म्हाताऱ्याने माझ्याकडे वाकून विचारलं, "याह्यचं काही दुखून राहिलं का?" मी काय सांगणार.

आता या ऐषारामी प्रवासाची सुरुवात कशी होते तेही पाहा. जळगावचा विमानतळ २०१२ साली झाला. उद्घाटनाला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या लेकी. पण नियमित विमानाची वाट २०१७ च्या डिसेंबरपर्यंत पाहावी लागली, आणि पुढेही सेवा कधी चालू, कधी बंद. आता तिथून छोटी एटीआर विमानं उडतात. त्यांत पडदाच नाही. पुढचा आणि मागचा सारखाच. तेव्हा आमचा पॉइंटवाला रात्री जळगावला अमरावती एक्सप्रेस धरतो. तिकीट आरएसी, म्हणजे अर्धा बाक आणि समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाचे पाय. पहाटे दादरला उतरून, सुलभ शौचालयात दात घासून, तो सहारच्या विमानतळावर पोचतो, तोही विमानाच्या आठ तास आधी. कशाला? लाउंजसाठी!

लाउंज हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. कार्ड दाखवायचं, मशीनवर दोन रुपये कापले जायचे आणि आत पोटभर जेवण, चहा, कॉफी, पुन्हा चहा. कोणी तीनदा ताट भरलं, कोणी सफरचंद खिशात घातलं, कोणी विमान नसताना केवळ लाउंजसाठी स्वस्तातलं तिकीट काढायचा विचार बोलून दाखवला. व्हायचं तेच झालं: देशभरातल्या लाउंजबाहेर रांगा लागल्या, बँकांच्या पोटात दुखलं आणि बऱ्याच बँकांनी आधी तिमाहीत अमुक खर्च करा, मग आत जा, अशी अट घातली. आता दोन रुपयांच्या जेवणासाठी अर्ध्या-पाऊण लाखाची खरेदी करणारे महाभाग आहेत. हिशोब त्यांनी विचारू नये, आपणही सांगू नये.

यापुढचं सांगताना मात्र माझी जीभ चाचरते. एमिरेट्सच्या ए-३८० या दुमजली विमानात पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी न्हाणीघर आहे. आकाशात! गरम पाण्याचा शॉवर, पाणी पाच मिनिटांचं, दिवा दाखवतो किती उरलं ते. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल यावर ज्यांची दिनचर्या ठरते, त्या आमच्या खान्देशातली माणसं समुद्रावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आंघोळ करायची स्वप्नं पाहतात. एका काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घरून आंघोळ करून नाही निघत का हो ते?" यावर कोणत्याही कार्डवाल्याकडे उत्तर नव्हतं. काकूंची हाय लागली असावी. २०२५ मध्ये एमिरेट्सने मैलांवर पहिल्या वर्गाचं तिकीट काढायचा हक्क साध्या सभासदांकडून काढून घेतला आणि वरच्या दर्जाच्या सभासदांपुरताच ठेवला. आकाशातला नळही गेला.

याच काकूंना त्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलाने मैलांवर बिझनेस क्लासने बोलावलं होतं. सपाट गादी, दुलई, पायमोजे, सगळं. काकूंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण शेजारी कोणी बोलायला नव्हतं. मागे इकॉनॉमीत बसल्या असत्या तर न्यूयॉर्क येईपर्यंत दोन सोयरिकी जुळवल्या असत्या. मुलगा अजून सांगतो, त्या एका सीटची किंमत साडेतीन लाख होती. काकू सांगतात, चटणी मागितली तर ओळखली नाही मेलीने.

कोणी म्हणेल, आपलीच माणसं अशी हपापलेली. मुळीच नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने पाहिलं की एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने वेष्टनांच्या बदल्यात मैल ठेवलेत. मोठ्या पाकिटाचं एक वेष्टनही चालतं आणि पंचवीस सेंटच्या पुडिंगच्या वाटीचंही चालतं. या सभ्य गृहस्थाने गावोगावची दुकानं पालथी घालून १२,१५० पुडिंगं घेतली. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, मिळाले साडेबारा लाख मैल. आता एवढी वेष्टनं सोलणार कोण? त्याने ती पुडिंगं साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दान दिली, अट एकच: खा खुशाल, पण वेष्टनं सोलून द्या. आणि दान केलं म्हणून प्राप्तिकरात सूटही मिळवली. हा मनुष्य खान्देशात जन्मला असता तर आम्ही त्याला बिनविरोध निवडून दिला असता.

अमेरिकेच्या टांकसाळीचा किस्सा याहून निगरगट्ट. कागदी डॉलरऐवजी नाणी चालावीत म्हणून टांकसाळीने एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीत, टपालखर्च माफ करून घरपोच द्यायला सुरुवात केली. मैलवाल्यांनी कार्डावर हजारोंनी नाणी मागवली, खोकी न फोडताच बँकेत नेऊन भरली आणि त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकतं केलं. नाणी सरकारची, टपाल सरकारचं, मैल यांचे. २०११ साली टांकसाळीच्या लक्षात आलं आणि तिने या योजनेला कार्ड बंद केलं.

सभ्य जर्मनीत तर माणसांची पदं गेली. २००२ साली तिथे बोभाटा झाला की लोकप्रतिनिधींनी सरकारी दौऱ्यांत मिळालेले मैल खासगी सहलींना वापरले. बर्लिनचे अर्थव्यवस्था खात्याचे सिनेटर, म्हणजे मंत्री, ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. ग्रीन पक्षाचे जेम ओझ्देमिर यांनाही मागे सरावं लागलं. दोन-चार तिकिटांपायी! आपल्या केंद्र सरकारचाही नियम आहे की सरकारी प्रवासातले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. त्यावरून आपल्याकडे कोणी खुर्ची सोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपण लोकांनी सोडायचं असतं ते म्हणजे विषय.

एवढा वेळ मी हसतोय, पण या चहाटळ चर्चेत एक गोष्ट कोणी विचारत नाही: या पलंगाचे पैसे देतं कोण? पॉइंटवाला छाती फुगवून सांगतो, बँकेला गंडवलं. बँकेला! दुकानदाराने मशीनवर हजार रुपये घेतले की त्यातले साधारण दीड-दोन टक्के कार्डाच्या साखळीत कापले जातात. दुकानदार ते भावात मिसळतो आणि तोच भाव नोटा मोजून देणारा शेतमजूरही देतो. हा झाला एक वाटेकरी. दुसरा वाटेकरी तो, जो बिलातली "किमान देय रक्कम" भरून निश्चिंत होतो. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज चालतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली यावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. सावकाराच्या नावाने आमच्या भागात अजून बोटं मोडतात, पण सावकाराने कधी कोणाला सिंगापूरला पाठवल्याची बढाई मारली नव्हती. पडद्यापलीकडच्या त्या पलंगावर जो पाय पसरतो, त्याची उशी कुठल्यातरी हप्ते थकलेल्या पोराने भरलेली असते. बँक दोघांनाही ओळखते, आणि दोघांवरही खूष आहे.

विमान कंपन्यांचं म्हणाल तर त्या आता विमानाचा धंदा जोडधंदा म्हणून करतात की काय असं वाटतं. २०२० च्या महासाथीत विमानं जमिनीला खिळली तेव्हा युनायटेडने आपली मायलेजप्लस योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. मैल बँकांना घाऊक विकायचे, बँकांनी ते तुम्हाआम्हाला वाटायचे, आणि ते वापरायची वेळ आली की एका रात्रीत भाव बदलायचा. मॅग्नसचं तेच झालं. १ सप्टेंबर २०२३ पासून ते महिन्याचे पंचवीस हजार बंद, पाच पॉइंटचे चार मैल होते त्यांचे दोन झाले आणि वार्षिक शुल्क मात्र दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेलं. त्या दिवसांत काही माणसं अशी सुतकी चेहऱ्याने फिरत होती की आम्ही विचारपूस करायला गेलो. कापसाचा भाव पडला तर निदान रास्ता रोको करता येतो, आमदार येऊन निवेदन घेतो. मैलाचा भाव पडला तर कोणत्या रस्त्यावर बसणार?

म्हणून ज्यांना राहवतच नाही त्यांना सांगणं इतकंच: बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल तरच या वाटेला जा, आणि मैल झाले की उडवून मोकळे व्हा. पोरांच्या लग्नासाठी साठवायची ती वस्तू नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांत मरतात. बाकीच्यांचे कधी, ते त्यांच्याच अटींत बारीक अक्षरांत असतं.

आणि ज्यांना खरोखर फुकटचा प्रवास हवा आहे, त्यांच्यासाठी एक योजना आमच्या नशिराबादच्या थांब्यावरच येऊन उभी राहते. एस.टी.ची. पासष्टीला अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना शून्य रुपयांचं. वार्षिक शुल्क नाही, ट्रान्सफर पार्टनर नाही, वगळलेल्या खर्चांची यादी नाही. ओळखपत्र दाखवलं की झालं. जगातल्या बाकी सगळ्या योजनांत खर्च थांबला की दर्जा घसरतो, इथे नुसतं घरी बसून राहिलं तरी दर्जा वाढत जातो. आमच्या काकू याच तिकिटावर शेगाव करून आल्या, पंढरपूर करून आल्या, आणि शेजारी बोलायलाही कोणीतरी होतं. एकच कलम ध्यानात ठेवा: सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. बऱ्हाणपूरला जायचं असेल तर हद्दीपुढचं तिकीट काढावं लागतं, आणि त्यावर पॉइंट मिळत नाहीत.